व्हॅम परत परत क्रिस्टल होतंय? सोल्युशनला दोष देण्याआधी घड्याळ बघा

मागच्या हिवाळ्यात आमचं व्हॅम (व्हेपर अ‍ॅब्सॉर्प्शन मशीन, म्हणजे उष्णतेवर चालणारं चिलर) दोन महिन्यांत तीनदा क्रिस्टल झालं, म्हणजे आतल्या मिठाच्या सोल्युशनचे खडे होऊन रस्ता तुंबला. पहिल्या दोन वेळा लक्षणं सेम टू सेम, चिल्ड वॉटर (मशीननं गार केलेलं पाणी) ७ अंशांवरून हळूहळू १२-१३ ला चढतंय, अ‍ॅब्सॉर्बरची लेव्हल खाली, जनरेटरची वर (हे दोन्ही मशीनचेच भाग, पुढे सांगतो), सोल्युशन पंप खडखड करतोय. तिसऱ्या वेळी तर मशीन चालूच होईना. आणि तिन्ही वेळा कारण मात्र वेगळं निघालं. मधल्या काळात आम्ही सगळे सोल्युशनवर संशय धरून बसलो होतो, नवीन लिथियम ब्रोमाईड भरायचं कोटेशनसुद्धा मागवून झालं होतं, आणि सोल्युशनची मूळात काही चूकच नव्हती. ज्यांच्याकडे हा त्रास परत परत येतोय त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहितोय, थोडं लांबेल.

आधी सेटअप सांगतो म्हणजे आकडे कळतील. चाकण एमआयडीसीतली कंपनी आहे, १ मेगावॅटचं गॅस इंजिन आहे, त्याचं जॅकेट वॉटर (इंजिन गार ठेवणारं पाणी) ९० अंशाला बाहेर येतं आणि ८० ला परत जायला हवं. फ्लो ताशी ४३ घनमीटरच्या आसपास, म्हणजे साधारण ५०० किलोवॅट उष्णता, जी आधी रेडिएटरवरून सरळ हवेत जायची. त्यावर आम्ही सिंगल इफेक्ट (सोल्युशन एकदाच उकळणारं) हॉट वॉटर व्हॅम चालवतो, त्याचा सीओपी (दिलेल्या उष्णतेच्या किती पट कुलिंग मिळतं तो आकडा) ०.७ धरला तर ३५० किलोवॅट म्हणजे १०० टन कुलिंग मिळतं. हेच १०० टन इलेक्ट्रिक स्क्रू चिलरवर घ्यायचं म्हटलं की तासाला ७०-७५ युनिट मोजा, दिवसाला २० तास धरले तर दीड हजार युनिट. व्हॅमला स्वतःला लागणारी वीज किती, तर आतले दोन-तीन पंप, चार-पाच किलोवॅटमध्ये खेळ संपला. कुलिंग टॉवर मात्र मोठा लागतो, कारण इंजिनाची उष्णता आणि शेडमधली उष्णता दोन्ही तिथंच सोडायची, सिंगल इफेक्टला कुलिंगच्या जवळजवळ अडीचपट. म्हणून मशीन एक दिवस बंद पडलं तरी जीव तुटतो, फुकटची उष्णता परत रेडिएटरवरून उडून जाताना दिसते आणि पलीकडे वीजमीटर पळत असतो.

नवीन पोरं नेहमी विचारतात की गरम पाण्यानं थंड कसं होतं. पावसाळ्यात डब्यातलं मीठ कसं ओलं होतं, हवेतलं पाणी ओढून घेतं, लिथियम ब्रोमाईड हे तसलंच एक मीठ, फक्त पाण्याला भयंकर हावरट. मशीनच्या आत जवळपास पूर्ण व्हॅक्युम असतो, पाऱ्याचे ६-७ मिलिमीटर एवढाच दाब, आणि एवढ्या कमी दाबाला पाणी ५ अंशालाच उकळतं. उकळताना ते चिल्ड वॉटरच्या ट्यूबमधली उष्णता घेतं (हा इव्हॅपोरेटर). ती वाफ मिठाचं पाणी शोषून घेतं (हा अ‍ॅब्सॉर्बर), शोषून पातळ झालेलं सोल्युशन वर जनरेटरमध्ये जातं, तिथं इंजिनाचं गरम पाणी त्यातलं पाणी परत उकळून काढतं, ती वाफ कंडेन्सरमध्ये कुलिंग टॉवरच्या पाण्यानं गार होऊन परत पाणी होते, आणि आटलेलं सोल्युशन पुन्हा अ‍ॅब्सॉर्बरला येतं. कॉम्प्रेसरचं काम मीठ करतंय आणि मिठाला परत हावरट बनवायचं काम गरम पाणी करतंय. अमोनिया आणि पाण्याची जी मशीनं असतात ती याच तत्त्वावरची पण शून्याखाली जातात, फ्रान्सच्या फर्डिनांड कारेनं १८५९ मध्येच तसल्या मशीनचं पेटंट घेतलं होतं, बर्फ बनवायला. आपल्या ब्रोमाईडवाल्यात रेफ्रिजरंट म्हणजे साधं पाणीच, त्यामुळे ५ अंशाच्या फार खाली जायचं नाव काढायचं नाही.

आता क्रिस्टल. घरी गुलाबजामचा पाक करताना बघितलं असेल, पाक जास्त आटला आणि नंतर गार झाला की साखर धरते. इथं डिट्टो तसंच. दोन गोष्टी लागतात, पाक जास्त आटलेला हवा आणि तो गार व्हायला हवा. ६० टक्क्यांचं सोल्युशन खोलीच्या तापमानाला पण पातळच राहतं, ६५ टक्क्यांचं मात्र चाळिशीच्या आसपासच खडे धरायला लागतं. म्हणजे चार-पाच टक्क्यांचाच खेळ आहे. आणि हे नेहमी एकाच जागी होतं, हीट एक्स्चेंजरमध्ये, जिथं जनरेटरचं आटलेलं गरम सोल्युशन खाली येताना अ‍ॅब्सॉर्बरच्या गार सोल्युशनला उष्णता देऊन बाहेर पडतं. सगळ्यात आटलेला पाक सगळ्यात गार कुठं होतो तर तिथं. मग रस्ता बंद, जनरेटर तुंबतो, लेव्हल वर येऊन सोल्युशन जे-पाईपमधून ओव्हरफ्लो होऊन सरळ अ‍ॅब्सॉर्बरला पडायला लागतं. एरवी जे-पाईपला हात लावला तर कोमट पण लागत नाही, तो चटका देणारा गरम लागला की समजायचं क्रिस्टल झालंय किंवा व्हायला लागलंय. आमच्याकडे आता दर दोन तासांच्या राऊंडला जे-पाईपचं तापमान लॉगशीटवर लिहितात, आधी तो रकानाच नव्हता.

झालंच तर काय करायचं ते आधी सांगतो, कारण रात्री अडीच वाजता वाचणाऱ्याला कारणमीमांसा नको असते.

पहिलं म्हणजे मशीन घाबरून बंद करू नका. बंद केलं की सगळं गार होणार आणि जो अर्धा पाईप तुंबलाय तो पूर्ण तुंबणार. लोड दुसऱ्या चिलरवर टाका, चिल्ड वॉटरचा पंप मात्र चालूच ठेवा. कुलिंग टॉवरचा फॅन बंद, कुलिंग वॉटरचा फ्लो थ्रॉटल करून अगदी कमी, कारण आपल्याला आता अ‍ॅब्सॉर्बरमधलं सोल्युशन गरम करायचंय. हॉट वॉटर व्हॉल्व्ह निम्म्यावर. जे-पाईपमधून येणारं गरम सोल्युशन अ‍ॅब्सॉर्बरला गरम करेल, ते गरम सोल्युशन पंप हीट एक्स्चेंजरमध्ये ढकलेल आणि पलीकडच्या बाजूनं खडे विरघळायला लागतील, मशीन बनवणाऱ्यांनी जे-पाईप त्याचसाठी दिलाय. सोबत रेफ्रिजरंटचा ब्लोडाऊन व्हॉल्व्ह उघडून इव्हॅपोरेटरमधलं पाणी अ‍ॅब्सॉर्बरला सोडा, पाक पातळ होतो. बाहेरून हीट एक्स्चेंजरवर आणि त्याच्या पुढच्या पाईपवर गोणपाट गुंडाळून त्यावर गरम पाणी सोडत राहायचं, आमच्याकडे जॅकेट वॉटर लाईनच्या ड्रेनचं पाणी होतंच. गॅसची टॉर्च लावणारे लोक मी बघितलेत, कृपा करून नका करू. वेल्डिंगचे जॉईंट असतात, एक बारीक तडा गेला तर क्रिस्टल परवडलं असं म्हणायची वेळ येईल. हातोडी तर नाहीच नाही.

आणि लक्ष कशावर ठेवायचं तर सोल्युशन पंपावर. तो कॅन्ड मोटर पंप असतो, त्याची बेअरिंगं आतल्या सोल्युशननंच गार आणि ओली राहतात, कोरडा चालला तर काही मिनिटांत गेला. अ‍ॅब्सॉर्बरची लेव्हल साईट ग्लासच्या खाली गेली की पंप बंद, जे-पाईपनं लेव्हल परत आली की चालू, असं हातानं करत बसावं लागतं, झोप काढून चालत नाही. पहिल्या वेळी आम्हाला सात तास लागले. तिसऱ्या वेळी तर पूर्ण दिवस. सुटलं हे कसं कळतं, तर हीट एक्स्चेंजरच्या पुढचा गार पडलेला पाईप एकदम गरम लागायला लागतो, जनरेटरची लेव्हल खाली येते, आणि जे-पाईप गार होतो. मग लगेच फुल लोडवर नेऊ नका, तासभर तसंच फिरू द्या, सॅम्पल काढा.

बाहेरून डिस्टिल्ड पाणी आत घालणं हा शेवटचा उपाय. घातलेलं पाणी नंतर मोजून परत काढावं लागतं नाहीतर सोल्युशन कायमचं पातळ राहतं आणि टनेज येत नाही.

आता कारणं.

पहिल्यांदा झालं ते डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. आमच्या नाईट शिफ्टला एक जुने ऑपरेटर आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात, वीस वर्षं बॉयलर आणि चिलर बघतायत. पहाटे पावणेपाचला त्यांचा फोन, "साहेब, या बरं लवकर, मशीन गोठलंय, जे-पाईपला हात लावू देईना." मी येईपर्यंत त्यांनी फॅन बंद करून गोणपाट गुंडाळायला सुरुवात पण केली होती. दुपारी बाराच्या सुमाराला सुटलं. नंतर सगळ्यांचं एकच, सोल्युशन जुनं झालंय, सात वर्षं झाली, बदला. मीही मान डोलावली.

पण मामा म्हणाले ते डोक्यात राहिलं. "साहेब, दिवसा हे कधी असं करत नाही. पहाटेचंच करतंय. मागच्या आठवड्यात पण दोनदा लेव्हल हलली होती, पण सूर्य वर आला तसं आपोआप सुटलं." लॉगशीट काढून बघितली आणि खरंच, पहाटे चार ते सहा या वेळात अ‍ॅब्सॉर्बरची लेव्हल खाली-वर झालेली आणि आठनंतर सगळं नॉर्मल. मग त्याच वेळेचं कुलिंग वॉटर इनलेट बघितलं तर १७ अंश! मॅन्युअलात किमान २४ लिहिलंय, डिझाईन ३२ आहे.

गार कुलिंग वॉटर म्हणजे चांगलंच की, असं बहुतेकांना वाटतं, कारण इलेक्ट्रिक चिलरला ते चांगलंच असतं, वीज कमी लागते. व्हॅमला एका मर्यादेपर्यंत चांगलं, त्याच्या पुढे घातक, आणि घातक दोन्ही बाजूंनी. कंडेन्सर गार झाला की त्याचा दाब पडतो, दाब पडला की त्याच ९० अंशाच्या पाण्यावर जनरेटरमधून जास्त पाणी उकळून जातं, म्हणजे पाक जास्त आटतो, ६० ऐवजी ६४ कडे जातो. आणि त्याच वेळी अ‍ॅब्सॉर्बर पण गार, त्यामुळे हीट एक्स्चेंजरमध्ये तो आटलेला पाक नेहमीपेक्षा दहा-बारा अंश जास्त गार होतो. वर पहाटे शेडमध्ये लोड पण कमी. आटणं आणि गार होणं दोन्ही एकदम. हॉट वॉटर मशीन सहसा क्रिस्टल होत नाही, पाणी ९० च्या वर नसतं ना, असं जे सांगतात ते ३२ अंशाच्या कुलिंग वॉटरपुरतं खरं आहे, चाकणच्या जानेवारीतल्या पहाटेला खरं नाही.

बरं, पाणी १७ पर्यंत गेलं कसं? टॉवर फॅनला व्हीएफडी (फॅनचा वेग कमी-जास्त करणारा ड्राईव्ह) आहे, २८ वर सेट, पाणी गार झालं की फॅननं हळू व्हायला हवं. पॅनल उघडलं तर व्हीएफडी मॅन्युअलवर, ५० हर्ट्झ. मे महिन्यात मीच सांगून करून घेतलं होतं, तेव्हा ऊन इतकं होतं की ऑटोवर चिल्ड वॉटर ८ च्या खाली येत नव्हतं. पावसाळा गेला, दिवाळी गेली, परत ऑटोवर टाकायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. त्यात कुलिंग वॉटरच्या बायपासला जो थ्री-वे व्हॉल्व्ह आहे त्याचा अ‍ॅक्च्युएटर जाम, कधीपासून कोण जाणे. दोन्ही नीट केलं, २४ च्या खाली अलार्म आणि २२ ला फॅन ट्रिप असं लावून घेतलं. थंडीत मशीन चालू करताना पण आता बायपासवर पाणी फिरवून २५ आलं की मगच टॉवरवर घेतो. स्टार्टअपलाच क्रिस्टल होणाऱ्यांनी हे नक्की करून बघा, दहा मिनिटं जातात फक्त.

वाटलं संपलं. बारा दिवसांनी परत.

या वेळी दुपारी तीन वाजता. कुलिंग वॉटर २७, फॅन ऑटोवर, लोड बऱ्यापैकी फुल. थंडीचा काही संबंधच नाही. आणि मागं जाऊन बघितलं तर हे एका दिवसात झालेलं नव्हतं, चार-पाच दिवस चिल्ड वॉटर रोज थोडं थोडं वर सरकत होतं, ७, ७.४, ८, आणि ऑपरेटर लोक ते भरून काढायला हॉट वॉटर व्हॉल्व्ह उघडत नेत होते. हळूहळू चढणारा त्रास म्हणजे बहुतेक वेळा हवा.

आत व्हॅक्युम असल्यामुळे गळती झाली तरी बाहेर एक थेंब दिसत नाही, हवा आत जाते. थोडीशी हवा अ‍ॅब्सॉर्बरच्या ट्यूबवर थर धरते आणि वाफ मिठापर्यंत पोचत नाही. मीठ पाणी पीत नाही म्हणजे पाक पातळ होत नाही, तसाच आटलेला जनरेटरला परत जातो, अजून आटतो. त्यात तुम्ही हॉट वॉटर वाढवलं की झालंच काम. शिवाय हवेतल्या ऑक्सिजननं आतलं लोखंड गंजतं, गंजताना हायड्रोजन बनतो, तो पण आतच साठतो आणि अजून व्हॅक्युम बिघडवतो. म्हणजे गळती बंद केली तरी काही दिवस पर्ज करत (आतली हवा पंपानं ओढून काढत) राहावं लागतं.

हवा आहे का नाही हे ओळखायची पद्धत आम्ही तेव्हा पहिल्यांदा नीट शिकलो. अ‍ॅब्सॉर्बरमधनं सोल्युशनचं सॅम्पल काढायचं (व्हॅक्युम लावलेल्या बाटलीतच, उघड्या बाटलीत काढायला गेलात तर तुम्हीच हवा आत सोडाल), त्याची घनता हायड्रोमीटरनं आणि तापमान मोजायचं, पातळ बाजूच्या सोल्युशनची घनता साधारण १.६५ च्या आसपास असते. मग चार्टवर बघायचं की एवढ्या तीव्रतेचं आणि एवढ्या तापमानाचं सोल्युशन किती अंशाच्या पाण्याची वाफ ओढू शकायला हवं. आमचं चार्टवर आलं १ अंश, आणि प्रत्यक्षात रेफ्रिजरंट होतं ६ अंश. ५ अंशांचा फरक. चांगल्या मशीनमध्ये हा एक-दोन अंशांच्या आत असतो. याला अ‍ॅब्सॉर्बर लॉस म्हणतात आणि माझ्या मते महिन्यातून एकदा हा एक आकडा लिहून ठेवला तर मशीनच्या तब्येतीचं बाकी काही विचारायची गरज पडत नाही.

मग पर्ज पंप बघितला. रोज सकाळी अर्धा तास चालवतो अशी नोंद होती आणि तो खरंच चालवतही होते. पण पंपाच्या तेलाच्या काचेत बघितलं तर तेल ताकासारखं पांढरं. आतनं पाण्याची वाफ ओढून ओढून तेलात पाणी मिसळलं होतं, असल्या तेलानं व्हॅक्युम होतच नाही, पंप नुसता आवाज करतो. गॅस बॅलास्ट (पंपात थोडी हवा सोडून वाफ बाहेर घालवणारा व्हॉल्व्ह) बंद ठेवून चालवत होते म्हणून वाफ तेलातच राहिली. तेल बदललं, एका बाटलीत पंपाच्या आऊटलेटची नळी बुडवली आणि बुडबुडे मोजायला बसलो. सुरुवातीला भडभड आले, पंधरा मिनिटांत कमी झाले, दुसऱ्या दिवशी परत भडभड. म्हणजे नुसती साठलेली हवा नाही, चालू गळती आहे.

गळती शोधायला मशीन थांबवून नायट्रोजन भरला, मॅन्युअलात दिलाय तेवढ्याच दाबापर्यंत, आणि साबणाचं पाणी घेऊन एकेक जॉईंट. हे कंटाळवाणं काम आहे पण याला पर्याय नाही. ज्या फ्लँजवर सगळ्यांचा संशय होता ते सगळे चांगले निघाले. गळत होतं कुठं तर अ‍ॅब्सॉर्बरच्या साईट ग्लासच्या गॅस्केटला, इतके बारीक फुगे की टॉर्च तिरका धरल्याशिवाय दिसेनात. पहिल्या क्रिस्टलच्या रात्री लेव्हल दिसत नाही म्हणून कुणीतरी ती काच घट्ट करून बघितली होती, तेव्हाच ते गॅस्केट दबलं असणार, असा माझा अंदाज आहे. गॅस्केट बदललं, २४ तास व्हॅक्युम धरून बघितला, तापमानाचा फरक वजा करून. धरला.

इथं एक गोष्ट वेगळी सांगतो कारण यात लोक फसतात. अ‍ॅब्सॉर्बर लॉस जास्त आहे पण बुडबुडे अजिबात येत नाहीत, असं झालं तर हवेच्या मागं लागू नका, ऑक्टाईल अल्कोहोल कमी झालंय का बघा. ते सोल्युशनमध्ये अगदी थोडं घालतात, त्यानं ट्यूबवरच्या सोल्युशनच्या थरात खळबळ होते आणि वाफ पटकन शोषली जाते. पर्ज करताना थोडं थोडं उडून जातं. सॅम्पलला तो उग्र वास येत नसेल तर संपलंय. आणि इव्हॅपोरेटरच्या पाण्याची पण घनता बघा, ते साधं पाणी आहे म्हणजे १ च्या जवळ हवी, १.०४ च्या वर गेली तर त्यात ब्रोमाईड मिसळलंय, ब्लोडाऊन करून साफ करायचं. याचं क्रिस्टलशी नातं थेट नाही पण टनेज कमी पडतं आणि मग परत तेच, ऑपरेटर हॉट वॉटर उघडतो.

सोल्युशनची लॅब टेस्ट पण त्याच वेळी करून घेतली. मॉलिब्डेट (गंज रोखणारं रसायन) ठीक, अल्कलीनिटी ठीक, थोडं लोखंड जास्त, फिल्टर करून झालं. नवीन सोल्युशनचं कोटेशन तिथंच थांबलं.

तिसरं क्रिस्टल फेब्रुवारीत, एका शुक्रवारी सकाळी. इकडं गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते, बुधवारी रात्री मशीन बंद केलं आणि शुक्रवारी सकाळी चालू करायला गेलो तर सोल्युशन पंप सुरू होऊन लगेच ओव्हरलोडला ट्रिप. हे सगळ्यात वाईट होतं. चालू मशीन क्रिस्टल झालं तर निदान आत गरमी असते, हे दीड दिवस थंड पडलेलं, आत दगड.

पहिली दोन कारणं तर दुरुस्त झाली होती, मग काय? परत लॉगशीट, परत घड्याळ. स्टॉपचं बटण दाबल्याची वेळ रात्री १०:५२. पॅनलवरच्या नोंदीत पॉवर गेल्याची वेळ ११:००. आठ मिनिटं.

व्हॅम बंद केलं की ते लगेच बंद होत नाही, व्हायलाच नको. हॉट वॉटर बंद होतं आणि सगळे पंप अजून १५-२० मिनिटं फिरत राहतात, जनरेटरमधलं आटलेलं आणि अ‍ॅब्सॉर्बरमधलं पातळ एकमेकांत मिसळून सगळीकडे सारखं होईपर्यंत. याला डायल्युशन सायकल म्हणतात. आमच्याकडे त्या दिवशी पॅनल रूममध्ये गुरुवारच्या मेंटेनन्सची तयारी चालू होती, इलेक्ट्रिकल टीमच्या पोरानं चिलर बंद झालाय का विचारलं, कुणीतरी हो म्हणालं, त्यानं इनकमर (पॅनलचा मुख्य स्विच) ऑफ केला. दोघंही आपापल्या जागी बरोबर. बटण दाबलेलं होतंच. पण मशीनच्या आत वर ६१ टक्क्यांचा पाक आणि खाली पातळ, असं अर्धवट मिसळलेलं सगळं थांबलं, आणि हीट एक्स्चेंजरमध्ये जे आटलेलं उभं राहिलं ते रात्रभर गार होत गेलं. फेब्रुवारीतली रात्र, पत्र्याची शेड. जे एरवी पातळ राहिलं असतं त्यानं पण साखर धरली.

हेच अचानक लाईट गेल्यावर होतं, आणि आमच्यासारखं इंजिनवर चालणारं असेल तर जास्तच, कारण इंजिन ट्रिप झालं की वीज पण जाते. उपाय म्हटलं तर सोपा आहे, आम्ही आधीच करायला हवा होता. सोल्युशन पंप आणि रेफ्रिजरंट पंप इमर्जन्सी डीजीवर (डिझेल जनरेटरवर) घेतले, चार-पाच किलोवॅटच तर आहेत. हॉट वॉटरचा थ्री-वे व्हॉल्व्ह स्प्रिंग रिटर्नचा लावला, वीज गेली की तो स्वतःहून बायपासला जातो आणि जनरेटरला गरम पाणी मिळायचं थांबतं, नाहीतर पंप बंद आणि गरम पाणी चालू अशी फार वाईट अवस्था होते. आणि इनकमरवर एक दिवा, डायल्युशन पूर्ण झाल्याशिवाय हिरवा होत नाही. दिव्याखाली मामांनी स्वतः पाटी रंगवून लावलीय, "हिरवा झाल्याशिवाय हात लावू नये". इलेक्ट्रिकलच्या पोरांना त्यांनी समजावलं पण अगदी प्रेमानं, "बाळा, चहा उकळत असताना गॅस बंद केला तर चहा होतो का? तसं आहे हे, त्याला त्याचं पुरं करू दे."

तर तुमच्याकडे परत परत होत असेल तर मी पहिला प्रश्न हा विचारेन की किती वाजता होतं. पहाटे आणि थंडीत होत असेल तर कुलिंग वॉटर. दिवसाचं, काही दिवस हळूहळू चढत चढत होत असेल तर हवा किंवा अल्कोहोल. चालू करताना सापडत असेल तर मागच्या वेळी बंद कसं झालं ते शोधा. सोल्युशन खराब झाल्यानं क्रिस्टल झालेलं मी अजून एकदाही बघितलेलं नाही. सोल्युशन खराब होतं ते गंज धरल्यामुळे, त्यातला गाळ स्प्रे नोझलमध्ये अडकतो, पण तो वेगळा आजार आहे आणि त्याचं मूळ पण हवाच.

एक मुद्दा आमच्याकडे अजून पूर्ण सुटलेला नाही. व्हॅम क्रिस्टल झालं की ते गरम पाण्यातली उष्णता घ्यायचं थांबवतं, जॅकेट वॉटर ८० ऐवजी ८७-८८ ला इंजिनकडे परत जातं आणि डंप रेडिएटर वेळेत सुरू झाला नाही तर इंजिनच हाय टेंपरेचरला ट्रिप होतं. दुसऱ्या वेळी आमचं झालं होतं तसं, एका दुखण्याची दोन दुखणी. रेडिएटरचा फॅन आता परतीच्या पाण्याच्या ८३ अंशाला सुरू होतो, पण लोड कमी-जास्त होताना तो उगाच सुरू होऊन व्हॅमच्या तोंडची उष्णता पळवतो, पहाटे तर हमखास. ८५ ला नेऊन बघितलं तर इंजिनवाले तयार नाहीत. सध्या रेडिएटर फॅनला पण व्हीएफडी लावून हळूहळू उचलायचं चाललंय, पुढच्या महिन्यात बसेल. ज्यांनी जॅकेट वॉटरवर हे नीट जुळवलंय त्यांनी आपले सेट पॉईंट आणि थ्री-वे व्हॉल्व्हची जागा, व्हॅमच्या आधी की नंतर, एवढं कळवा.